नवजात बाळांसाठीचा निधी: आधी घरभेटींना की एसएनसीयूला?

नवजात बाळांचे मृत्यू कमी करायचे आहेत, हातात जिल्ह्याचा थोडा निधी आहे आणि तो एकाच कामाला पुरेल. अशा वेळी बैठकीत दोन प्रस्ताव येतात: आशाताईंच्या घरभेटी बळकट करणं, किंवा रुग्णालयात आजारी नवजातांचा कक्ष, म्हणजे एसएनसीयू, वाढवणं.

घरभेटींचा सगळ्यात भक्कम पुरावा आपल्या गडचिरोलीचाच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 1995 ते 1998 या काळात 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं. त्या बाळाचं वजन करायच्या, अंगाची ऊब तपासायच्या, जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शनही द्यायच्या. तिसऱ्या वर्षापर्यंत, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, नवजात मृत्यूदर 62 टक्क्यांनी घटला. खर्च बाळामागे 5.3 डॉलर. दर 18 बाळांमागे, मृतजन्म धरून, एक मृत्यू टळला. गुणाकार केला तर एका जिवामागे साधारण 95 डॉलर होतात. तेव्हा भारताचं दरडोई वार्षिक उत्पन्न 400 डॉलरच्या आसपास होतं. इतक्या कमी पैशात जीव वाचवणारं काम सार्वजनिक आरोग्यात क्वचित सापडतं.

तरी हा आकडा आजच्या प्रस्तावात जसाच्या तसा लिहू नका. त्या गावांत तेव्हा बाळंतपणं बहुतेक घरीच व्हायची. आता ती दवाखान्यात होतात. शिवाय 2011 मध्ये हे काम देशभर नेताना आशांना सहा-सात घरभेटी आणि बाळामागे 250 रुपये मिळाले, इंजेक्शन मात्र त्यांच्या हाती दिलं गेलं नाही. माझ्या मते गडचिरोलीच्या यशातला मोठा वाटा तिथेच सुटला.

एसएनसीयूचा हिशोब वेगळा. बाळाला ऊब देणारे वॉर्मर, काविळीवरच्या फोटोथेरपीची यंत्रं एकदा घेता येतात. तीन पाळ्यांच्या नर्स, ऑक्सिजन, वीज आणि दुरुस्ती यांचा खर्च दरवर्षीचा. खाटा रिकाम्या राहिल्या तर बाळामागचा खर्च फुगतो. गर्दी झाली तर एका वॉर्मरवर दोन बाळं येतात आणि संसर्ग पसरतो. देखभालीचे पैसे कधीच कापू नयेत. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात अशाच कक्षात लागलेल्या आगीत 10 बाळं गेली. सरकारी उपचार मोफत असले तरी बापाची बुडालेली मजुरी आणि नातेवाइकांचं जेवणखाण कुठल्याच वहीत येत नाही.

असं असलं तरी किलोभर वजनाचं, श्वास न जमणारं बाळ घरभेटीने वाचत नाही. नवजात मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच होतात.

म्हणून आधी तालुक्यातल्या गेल्या दोन वर्षांच्या बालमृत्यूंच्या नोंदी काढा. बाळं घरी गेल्यावर दगावत असतील तर पैसे घरभेटींना द्या: चांगला वजनकाटा, थर्मामीटर, पुन्हा प्रशिक्षण, आणि आशाताईंचा मोबदला त्याच महिन्यात. जन्मानंतरच्या दोन दिवसांत दवाखान्यातच जात असतील तर एसएनसीयू निवडा, पण वॉर्मरची ऑर्डर देण्याआधी नर्सच्या पदांचा मंजुरी आदेश हातात घ्या. नोंदींवरून काहीच ठरत नसेल तर मी घरभेटी निवडेन, कारण आजारी बाळ वेळेत ओळखलंच गेलं नाही तर ते त्या खाटेपर्यंत पोचणार तरी कसं?