बीएलडीसी पंखे, सव्वा वर्षानंतर: बिल उतरलं, पण रिमोटनं डोकं उठवलं

‘आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे’ असा मेसेज मोबाईलवर आला तेव्हा बेडरूममधला पंखा ढिम्म होता आणि कंपनीचा माणूस आमच्या गल्लीतही फिरकला नव्हता. मे महिना, सोलापूर, बाहेर ४२-४३ अंश. त्या तिरमिरीत हे लिहायला घेतलं. मग म्हटलं, शिव्या घालायच्या तर हिशोबानं घालू, म्हणून वर्षभराची बिलं काढली आणि राग निम्म्यावर आला. त्यामुळे आता जे आहे ते मिश्र आहे.

आमचं घर जुळे सोलापुरात. वर उघडा स्लॅब, खाली पाच माणसं. गेल्या वर्षी मार्चमध्ये हॉलचे दोन आणि बेडरूमचे दोन असे चार जुने पंखे उतरवून बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचे, पंखे बसवले. एक साधारण तीन हजाराला पडला. कंपनीचं नाव लिहीत नाही. माझी भावजय दुसऱ्याच कंपनीचे वापरते, तिचंही रडगाणं हेच आहे.

बीएलडीसी २८ वॅट खातो आणि साधा पंखा ७५, ही गोष्ट आता सगळ्यांना पाठ झालीय, ती सोडा. प्रश्न तुमच्याकडे पंखा किती तास फिरतो याचा आहे. महाबळेश्वरच्या माणसानं हे पंखे घेऊन काय वाचणार? आमच्याकडे शिवरात्रीला पंखा सुरू होतो तो दिवाळीपर्यंत. उन्हाळ्यात दिवसाला सरासरी चौदा तास धरा. पंख्यामागे ४५ वॅट वाचले, चार पंखे, म्हणजे रोजचे अडीच युनिट, महिन्याचे ७५. कागदावरचं गणित कधी खरं होत नाही असा माझा अनुभव, म्हणून बिलं शेजारी ठेवून बघितली. आधीच्या मेमध्ये ३४१ युनिट होते, पंखे बदलल्यावरच्या मेमध्ये २६३. कूलर तोच, फ्रिज तोच, माणसं तीच. गणित चक्क जुळलं.

पैशात हा फरक हजाराच्या वर जातो, कारण ३०० च्या वरचे सगळ्यात महागडे युनिट आधी गळतात. इथे एक गैरसमज फार आहे. शेजारच्या वहिनी म्हणतात, ३०० ओलांडले की सगळे युनिट महाग लागतात. तसं नाही. पहिले १०० युनिट स्वस्त दरानेच लागतात, पुढचे ३०० पर्यंतचे त्याच्या जवळपास दुप्पट, आणि त्याच्या वरचेच काय ते आणखी महाग. पण वाचतात ते नेहमी वरच्या टोकाचे, म्हणून बचत दिसते त्यापेक्षा मोठी असते. वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचे पैसे) आणि १६ टक्के वीज शुल्क धरलं तर आमच्या बिलांत मधल्या टप्प्यातलं एक युनिट बारा-तेरा रुपयांना पडलं. पावसाळ्यात बचत कमी, डिसेंबर-जानेवारीत जवळपास शून्य. तरी वर्षाचे साडेसहा-सात हजार सुटले. दोन वर्षांच्या आत पंख्यांचे पैसे फिटतात. पतसंस्थेत एवढं व्याज मी कुणाला देत नाही, आणि मी पतसंस्थेतच कामाला आहे.

दुसरं सुख इन्व्हर्टरचं. देखभालीसाठी म्हणून वीज गेली की पूर्वी दोनेक तासांत बॅटरी मान टाकायची, आता दुपार निघून जाते. शिवाय इन्व्हर्टरवर जुने पंखे जो घुं घुं आवाज करायचे तो बंद झाला. अर्थात आमच्या अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, हीच अडचण वाटते. अक्कलकोट रोडला यंत्रमागावर त्यांचं आयुष्य गेलं, कान मंदावलेत. आवाज नाही म्हणजे पंखा बंद, असं त्यांच्या डोक्यात पक्कं. पंखा पाचवर फिरत असताना खाली बसून ‘अगं, पंखा लाव की’ म्हणतात.

इथवर सगळं गोड. आता रिमोट.

भिंतीवरचा रेग्युलेटर ही माणसानं लावलेली एक चांगली सोय होती. तो हरवत नाही, त्याला सेल लागत नाहीत, अंधारात हात नेमका तिथेच जातो, आणि ऐंशी वर्षांच्या माणसाला तो शिकवावा लागत नाही. हे पंखे बसवताना वायरमननं पहिलं काम काय केलं, तर रेग्युलेटर काढून वायर थेट जोडली. बीएलडीसीला साधा रेग्युलेटर चालत नाही, जबरदस्तीनं चालवला तर सर्किट जाऊ शकतं. रेग्युलेटरच्या भोकावर पांढरी पट्टी बसली आणि घरात चार रिमोट आले. चारही दिसायला एकसारखे. मी त्यांच्यावर मार्करनं खोल्या लिहिल्या, महिन्याभरात घामाच्या हातांनी अक्षरं पुसली गेली.

रिमोट चादरीच्या घडीत सापडतो. उशीच्या अभ्र्यात सापडतो. एकदा सासूबाईंच्या पानाच्या डब्यात, सुपारीखाली सापडला. मग मी प्रत्येक रिमोटला नाडी बांधून खिडकीच्या गजाला अडकवला. तर रिमोट गजापासून पंख्याकडे नीट रोखता येईना, म्हणून कुणीतरी नाडी सोडली. रात्री अडीचला वाऱ्यानं अंग गार पडलं तर पूर्वी झोपेतच हात भिंतीकडे जायचा. आता मोबाईलचा दिवा लावून रिमोट शोधायचा, तोवर झोप पार उडालेली. बारीक पेन्सिल सेल किराणा दुकानात मिळतात हे खरं, पण चार रिमोटचे आठ सेल, तेही संपतात ते रविवारी रात्री.

याच्यावर कडी म्हणजे हॉल. तिथे दोन पंखे आणि दोघांचे रिमोट एकच भाषा बोलतात. अण्णांचे गुडघे दुखतात, त्यांना त्यांच्या डोक्यावरचा पंखा दोनवर हवा. सोफ्यावरच्या आम्हा बाकीच्यांना पाचवर. एक बटण दाबलं की दोन्ही पंखे निमूट ऐकतात. उपाय माझ्या मुलीनं काढला. ती स्टुलावर चढते, एका पंख्याच्या मधल्या गोलावर रिमोटचा इशारा पकडणारा जो काळा ठिपका असतो, त्याच्यासमोर हात उंच करून वहीचा पुठ्ठा धरते, आणि खालून मी रिमोट दाबते. फिरत्या पात्यांपासून हात लांब ठेवायला लागतो म्हणून आधी दोन्ही बंद करायचे, मग एक चालू, मग त्याचा वेग, मग जपून पुठ्ठा त्याच्या ठिपक्यासमोर धरून दुसरा. पंखा कमी करणे या कामाला आमच्या घरात दोन माणसं आणि एक स्टूल लागतं. तीन हजाराच्या वस्तूत दोन रिमोटना दोन वेगळे नंबर देता येऊ नयेत? मी दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, ‘टीव्ही बघताना दोन्ही एकदम कमी होतात की मॅडम, सोय आहे ती.’

बरं, आता बिघाड. मेच्या मध्यावर वळवाचा पाऊस आला, वीज तीन-चार वेळा आली-गेली, आणि बेडरूमचा एक पंखा गेला. साधा पंखा असता तर कंडेन्सर गेला म्हणून वायरमननं पन्नास रुपयांचा कंडेन्सर टाकला असता आणि चहा पिऊन गेला असता. फार तर वाइंडिंग जळलं असतं, तर तेही सोलापुरात गल्लोगल्ली करून मिळतं. या पंख्याकडे आमच्या वायरमननं वर बघितलं आणि म्हणाला, ‘ह्याचं कीट उडालंय. हे कंपनीचंच काम.’ कीट म्हणजे आतला सर्किटचा बोर्ड. प्रत्येक कंपनीचा वेगळा, प्रत्येक मॉडेलचा वेगळा, बाजारात सुटा मिळत नाही.

कंपनीला फोन केला. हिंदीतून नाव, पत्ता, पिनकोड, मग बिलाचा फोटो मागितला. बिल मी जपून ठेवलेलं, पण दुकानातल्या मशीनचा गुळगुळीत कागद. उन्हाळ्यातल्या कपाटात त्याच्यावरची अक्षरं विरून गेलेली. नशिबानं घेतलं त्याच दिवशी फोटो काढून ठेवला होता. तुम्हीही काढून ठेवा, याच्याशिवाय वॉरंटीला काही अर्थ नाही. मग ‘आज संध्याकाळपर्यंत येईल’ सुरू झालं. आणि मग तो सुरुवातीला सांगितलेला मेसेज. न येताच तक्रार बंद. पुन्हा फोन, पुन्हा नवा तक्रार नंबर. तिसऱ्या वेळी मी एवढंच म्हटलं, ‘माणूस आल्यावर माझ्या मोबाईलवर ओटीपी येतो ना, तो मी कुणालाच दिलेला नाही, मग तक्रार बंद कुणी केली ते लेखी कळवा.’ दुसऱ्या दिवशी माणूस दारात.

तेवढ्या काळात माळ्यावरचा जुना पंखा परत चढवला. अंगानं जडशीळ, लग्नात सासूबाईंबरोबर आलेला. फिरला की. शिवाय त्याला रेग्युलेटर हवा म्हणून भोकावरची पांढरी पट्टी काढून जुना रेग्युलेटर बसवला आणि, खोटं कशाला बोलू, त्या रात्री मी फार निवांत झोपले.

आलेला मुलगा मात्र भला निघाला. सोलापूरसकट बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट एवढं सगळं त्याच्या एकट्याच्या गळ्यात. त्यानं पंखा उतरवला, खालची वाटी काढली, दोन स्क्रू आणि तीन जोडण्या सोडवून तळहाताएवढा हिरवा बोर्ड काढला, नवा बसवला. जेमतेम दहा मिनिटं. वॉरंटीत होता म्हणून फुकट. नंतर किती पडेल विचारलं तर म्हणाला सातशे-आठशे. मी विचारलं, एवढं सोपं आहे तर बोर्ड आम्हाला विकत का देत नाहीत? तो हसला. जळका बोर्ड घेऊन गेला, तो पुण्याला जातो म्हणे.

त्याच मुलानं जे सांगितलं त्यानं माझं मत बरंच बदललं. तो म्हणाला, ‘ताई, भिंतीवरच्या रेग्युलेटरवर चालणारे बीएलडीसी पण येतात की आता. आणि काही मॉडेलमधे बटण पटकन बंद-चालू केलं की वेग बदलतो. रिमोट लागतच नाही.’ म्हणजे माझं भांडण बीएलडीसीशी नव्हतंच, रिमोटशी होतं. आणि दुकानात मला हे कुणी सांगितलं नाही, कारण काउंटरवर रिमोट हातात देऊन ‘बघा, आधुनिक’ म्हणायला सोपं पडतं.

राहता राहिला पर्यावरणाचा मुद्दा, ज्याच्या नावाखाली आमच्या ह्यांनी मुळात पंखे घ्यायला लावले. बोर्ड जळाला तेव्हा मी टोमणा मारला की पन्नास रुपयांच्या कंडेन्सरवर चालणारी वस्तू काढून कचरा होणारी वस्तू आणली, हे कसलं हिरवं घर? पण हिशोब इथेही त्यांच्या बाजूनं जातो. होटगीकडे जाताना फताटेवाडीच्या एनटीपीसीच्या, म्हणजे सरकारी वीज कंपनीच्या, चिमण्या दिसतात. १३२० मेगावॅटचा तो कोळशावरचा प्रकल्प. आपल्या घरातली वीज नेमकी तिथलीच असते असं नाही, पण राज्यातली बरीचशी वीज कोळशाचीच. एका युनिटला साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो. आमचे वर्षाचे पाच-साडेपाचशे युनिट वाचले, म्हणजे तीन क्विंटलहून जास्त कोळसा. त्याच्यासमोर तळहाताएवढा एक बोर्ड. शिवाय त्या प्रकल्पाला पाणी उजनी धरणाचं, आणि आपल्या नळाला जे काही दिवसांआड येतं तेही उजनीचंच. ह्यांनी हे ऐकवल्यावर मी गप्प बसले, पण रिमोटबद्दल नाही.

एक गोष्ट जाता जाता. पंखा कितीही भारी आणा, स्लॅब तापलेला असेल तर तो वरची गरम हवाच अंगावर टाकतो. या मार्चमध्ये गच्चीला चुन्यात फेविकॉल कालवून दोन हात मारले. खर्च पंख्याच्या निम्म्यापेक्षा कमी. संध्याकाळी छताला हात लावला तर पूर्वीसारखा चटका बसत नाही, आणि रात्री पंखा पाचऐवजी तीनवर भागतो. बीएलडीसीची खरी बचत कमी वेगावर दिसते. तीनवर तो दहा-पंधरा वॅटच घेतो, आणि साधा पंखा जुन्या रेग्युलेटरवर कमी केला तर वाचायची ती बरीचशी वीज रेग्युलेटर तापवण्यातच जाते. पावसाळ्यात चुना धुपतो, दर वर्षी मारावा लागणार. मारू.

तर घ्यायचे का? तास जास्त फिरत असतील तर घ्या, डोळे झाकून. दुकानात विचारायचं ते वॅटबद्दल नको, ते सगळ्यांचे जवळपास सारखेच असतात. विचारा की भिंतीवरून चालतो का, एका खोलीत दोन असले तर वेगळे चालतात का, आणि वॉरंटी बोर्डावर किती वर्षं आहे, नुसत्या मोटरवर नको. आमच्या वॉरंटीच्या दोन वर्षांतले अजून काही महिने उरलेत. हॉलमधला एक पंखा आता स्वयंपाकघराकडच्या पडवीत हलवणार आणि अण्णांच्या डोक्यावर रेग्युलेटरवाला बीएलडीसी बसवणार. नवी पेठेत दोन दुकानांत विचारलं, दोघांकडेही नव्हता. एकानं मागवून देतो म्हटलंय, पाचशे रुपये ॲडव्हान्स घेतलेत. पावतीचा फोटो काढून ठेवलाय.