मीटरपर्यंत त्यांचं, मीटरनंतर आपलं : नाशिकच्या वीज वितरण सेवेचा माझा रिव्ह्यू

आधी ती रात्र सांगतो, कारण त्या रात्रीमुळेच हे लिहायला बसलोय. जूनचा पहिला दणक्याचा पाऊस नुकताच थांबलेला, आम्ही पंचवटीत मखमलाबाद नाक्याच्या बाजूला राहतो, बिल्डिंग पंचवीस-तीस वर्षं जुनी, मजल्यावर तीन फ्लॅट. साडेनऊला बायकोची इस्त्री चालू होती आणि एकदम पंखा मंद झाला, फ्रिज घरघरायला लागला, आणि तेवढ्यात समोरच्या काकूंच्या घरातून फट्ट असा आवाज आला, बल्ब फुटला त्यांचा. पाठोपाठ सेटटॉप बॉक्सच्या अडॅप्टरचा जळका वास. म्हणजे आमच्याकडे व्होल्टेज कमी आणि त्यांच्याकडे जास्त, एकाच वेळी, एकाच मजल्यावर. मला काही कळेना. एवढं मात्र सुचलं की तिन्ही घरांचे मेन स्विच खाली पाडले.

बिल्डिंगच्या ग्रुपवर लगेच सुरू झालं, वीज कंपनीकडून भरपाई घ्या, फोटो टाका, एक स्टार द्या. मीसुद्धा एक स्टार द्यायला फोन हातात घेतलेला होता, खरंच. पण आधी महावितरणच्या १९१२ या तक्रार नंबरला फोन लावला, बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक सांगितला, तक्रार नोंदली गेली. पाऊण एक तासात दोघं वायरमन आले, रेनकोट घालून, अंगावर अर्धा पाऊस आणि मागच्या बाजूला शिडी बांधलेली मोटरसायकल. पहिलं काम काय केलं तर खाली मीटर रूममध्ये गेले आणि आमच्या तिन्ही मीटरवर व्होल्टेज मोजून मला दाखवलं. तिन्हीकडे २३५-२४० च्या दरम्यान, एकदम व्यवस्थित. मग आमच्या तिघांकडचे सगळे बोर्ड बंद करायला लावले, एकेका घरात थोडीशीच उपकरणं चालू ठेवून या वेळी वर घरातल्या बोर्डावर मोजलं. आमच्याकडे १५० च्या आसपास, काकूंकडे ३०० च्या वर!

"दादा, न्यूट्रल गेलाय. पण आमचा नाही, तुमच्या डक्टमधला," असं तो मोठा वायरमन म्हणाला, आणि मग बिल्डिंगमधून वायरी वर नेणाऱ्या त्या पोकळीवर, डक्टवर, टॉर्च धरून समजावलं. बिल्डिंग बांधताना बिल्डरच्या इलेक्ट्रिशियनने तीन फ्लॅटना तीन वेगळे फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या तारा, दिले पण न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, मात्र तिघांत मिळून एकच ओढला, वायर वाचवली. तो सामाईक न्यूट्रल कुठेतरी जॉइंटला जळून तुटला की परतीचा रस्ताच राहत नाही, मग करंट एका घरातून दुसऱ्या घरात फिरतो, ज्याच्याकडे जास्त लोड चालू त्याचं व्होल्टेज पडतं आणि ज्याच्याकडे एखादा बल्ब आणि सेटटॉप बॉक्स एवढंच चालू त्याच्यावर सगळं जास्तीचं व्होल्टेज जाऊन पडतं. इस्त्री आमची आणि बल्ब फुटला काकूंचा, ते यामुळे. बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, एमसीबी, यात पडत नाही कारण तो करंट जास्त झाल्यावर पडतो, व्होल्टेज जास्त झाल्यावर नाही.

मीटरनंतरची वायरिंग त्यांच्या हद्दीत येत नाही हे त्यांनी स्पष्ट सांगितलं, पण निघून नाही गेले. मीटरपाशी आमच्या तिघांची लाइन बंद केली, लायसन असलेला इलेक्ट्रिशियन बोलवून प्रत्येक फ्लॅटला स्वतंत्र न्यूट्रल ओढून घ्या, तोपर्यंत कितीही उकडलं तरी मेन चालू करू नका असं दोनदा बजावलं आणि मगच पुढच्या कॉलला म्हसरूळकडे गेले. काकू ७० वर्षांच्या आहेत, घरात एकट्या असतात. त्या रात्री कोणी नुसतं फ्यूज बदलून गेलं असतं तर काय झालं असतं याचा विचार मला आजही नको वाटतो.

तर माझे पाच स्टार आधीच सांगून टाकतो, फॉल्टच्या कॉलसाठी पाचपैकी पाच.

पण पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. या प्रकारानंतर मला जाणवलं की ज्या कंपनीला मी स्टार द्यायला निघालो होतो ती नेमकं काय काम करते हेच मला नीट माहीत नव्हतं, आणि ग्रुपवरच्या कुणालाच नव्हतं. आपण सगळे अजून एमएसईबीच म्हणतो. एमएसईबी म्हणजे जुनं वीज मंडळ, २००३ चा वीज कायदा आल्यानंतर ६ जून २००५ ला त्याचं विभाजन झालं. वीज तयार करणारी महानिर्मिती, ती मोठ्या लाइनवरून वाहून आणणारी महापारेषण आणि आपल्या घरापर्यंत पोचवणारी महावितरण, अशा वेगळ्या कंपन्या झाल्या. नाशिकरोडकडे गेलं की एकलहऱ्याच्या चिमण्या दिसतात ना, ते महानिर्मितीचं केंद्र, सध्या २१० मेगावॅटचे तीन संच, म्हणजे ६३० मेगावॅट. लहानपणी मला वाटायचं तिथून सरळ आपल्या घरात वायर येते. तसं नाहीये, तिथली वीज सगळ्या राज्याच्या जाळ्यात जाते आणि आपल्याला येते ती त्या जाळ्यातून, त्यात चंद्रपूरची असेल, कोयनेची असेल, कुठली पवनचक्कीची असेल, काही वेगळी काढून दाखवता येत नाही.

वितरणाचं काम शेवटच्या टप्प्याचं. महापारेषणच्या २२० किंवा १३२ केव्हीच्या (एक केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) उपकेंद्रातून वीज ३३ केव्हीवर येते, मग ३३/११ च्या सबस्टेशनमध्ये ११ हजार व्होल्टवर उतरते, तिथून फिडर, म्हणजे ११ हजारच्या लाइन, निघतात, एकेक फिडर दोन-चार कॉलन्यांना पुरतो, आणि मग कोपऱ्यावर ज्याला आपण डीपी म्हणतो तो ट्रान्सफॉर्मर ती ४३३ व्होल्टवर आणतो, एका फेजला आपल्या घरात २३०-२४० च्या आसपास. खांब, तारा, डीपी, सर्व्हिस वायर, मीटर हे सगळं त्यांचं. मीटरच्या पुढे आपलं. अर्थिंग आपलं, बोर्ड आपला, डक्टमधली वायर आपली. ही रेघ कुठे आहे ते माहीत असेल तर निम्मी भांडणं होणारच नाहीत.

आता लाइट गेल्यावर एवढा वेळ का लागतो, यावर मी त्या वायरमनशी नंतर एकदा निवांत बोललो, चहाच्या टपरीवर भेटले होते. ते म्हणाले उन्हाळ्यात खांबावरचे चिनीमातीचे इन्सुलेटर तापून तापून निघतात, त्यावर धूळ बसते, आणि पहिल्या पावसाचं पाणी पडलं की काहींना तडा जातो, काहींवरून करंट लोखंडी खांबातून जमिनीत उतरतो, आणि सबस्टेशनमधला ब्रेकर अख्खा फिडर ट्रिप करतो. ब्रेकर हे सांगतो की कुठेतरी बिघाड आहे, कुठल्या खांबावर ते सांगत नाही. मग यांचं पेट्रोलिंग सुरू, रात्री, पावसात, टॉर्च मारत एकेक खांब बघत जायचं. तडा तर केसाएवढा असतो. मध्येच खांबावरचा लाइन तोडायचा स्विच, एबी स्विच, उघडून फिडरचे तुकडे करतात, निम्मा भाग चालू करून बघतात, टिकला तर फॉल्ट उरलेल्या निम्म्यात. म्हणून तुमच्याकडे लाइट येते, जाते, परत येते, त्याला आपण वैतागतो पण ते फॉल्ट शोधत असतात. आणि खांबावर चढण्याआधी सबस्टेशनकडून लाइन बंद असल्याचं परमिट घ्यायचं, तारांना डिस्चार्ज रॉड लावून त्या जमिनीशी जोडायच्या, मगच हात लावायचा. यातली एक पायरी गाळली तर माणूस जातो. मी हे ऐकल्यापासून लाइट गेल्यावर पहिल्या दहा मिनिटांत फोन करायचं बंद केलंय. शेजारच्या कॉलनीतही अंधार असेल तर फिडरच गेलेला असतो आणि सबस्टेशनला ते कळलेलं असतं. फक्त आपल्याच गल्लीत गेली असेल तर बहुतेक डीपीवरचा फ्यूज (डीओ म्हणतात तो) उडालेला असतो, आणि फक्त आपल्याच घरात असेल तर आधी स्वतःचा मेन बघा, या दोन वेळी मात्र त्यांना कळत नाही, तिथे तक्रार नोंदवायलाच हवी.

अजून एक, इन्व्हर्टरवाल्यांना आणि जनरेटरवाल्यांना हात जोडून सांगतो. बाहेरची लाइन तोडून मगच जनरेटर जोडणारा चेंजओव्हर स्विच न बसवता जनरेटर सरळ घराच्या लाइनला जोडू नका. तुमची वीज उलटी डीपीत जाते आणि तिथून चढून तारांवर ११ हजार व्होल्ट उभे राहू शकतात, आणि वर माणूस काम करत असतो, लाइन बंद आहे असं समजून. गच्चीवरच्या सोलरचा इन्व्हर्टर लाइन गेली की आपोआप बंद पडतो तो याचसाठी, लोक त्याला सोलरचा दोष समजतात पण तो दोष नाहीये.

बिलाबद्दल. मी गेल्या बारा महिन्यांची बिलं काढून बसलो. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन, त्यावर घरगुतीला १६ टक्के वीज शुल्क. यातला वहन आकार म्हणजे तारांवरून वीज आणून देण्याचा खर्च, वीज शुल्क सरकारकडे जातं, आणि वीज आकारातला मोठा वाटा वीज विकत घेण्यात जातो. दर कंपनी मनाने लावत नाही, महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो, त्याआधी जनसुनावणी असते, कुणीही ग्राहक लेखी हरकत देऊ शकतो, अशा सुनावण्या नाशिकमध्येही झालेल्या आहेत. आमच्या ग्रुपवर दरवाढीवर दोनशे मेसेज पडतात पण हरकत एकानेही दिलेली नाही, मीसुद्धा नाही, पुढच्या वेळी देणार.

एक गैरसमज तर मलाही होता की १०० युनिटच्या वर एक युनिट गेलं की सगळंच बिल वरच्या दराने लागतं. नाही. पहिले १०० खालच्याच दराने, १०१ पासून ३०० पर्यंतचे त्या पुढच्या दराने, असं पायरी पायरीने. आणि रीडिंग चार दिवस उशिरा घेतलं तर स्लॅबही त्या दिवसांच्या प्रमाणात वाढवून मिळतो, बिलाचे दिवस मोजून बघा. घरातलं हिशोबाला सोपं उदाहरण सांगतो, दोन हजार वॉटचा गिझर रोज अर्धा तास म्हणजे रोज एक युनिट, महिन्याला तीस. आमच्या बिलात पंखे नाही, गिझर बोलत होता.

वर्षातून एकदा सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं त्यावरून पण लोक चिडतात. ती ठेव आपल्या सरासरी वापरावर ठरते, वापर वाढला की फरक मागतात, त्यावर व्याज मिळतं आणि कनेक्शन बंद केलं की परत मिळते. आणि रात्री वीज कापणार म्हणून अनोळखी मोबाईल नंबरवरून मेसेज आला तर सरळ डिलीट करा. थकबाकीसाठी वीज तोडायची तर कायद्यात, कलम ५६ मध्ये, १५ दिवसांची लेखी नोटीस सांगितलेली आहे. काकूंना असा मेसेज आलेला, बरं झालं आधी मला दाखवला.

मोबाईल ॲपला मी चार देईन. रीडिंगचा फोटो, जुनी बिलं, तक्रार, नाव बदल, सगळं त्यात होतं, नाशिकरोडपर्यंत जायला लागत नाही. पाचवा यासाठी ठेवलाय की बिलातल्या प्रत्येक आकाराच्या शेजारी एका ओळीत साध्या मराठीत अर्थ असता तर काकूंसारख्या माणसालाही स्वतःचं बिल वाचता आलं असतं. ही माझी मनापासूनची मागणी आहे.

आणि काम झालं नाही तर? तेही माहीत करून घेतलं. सेवा किती वेळात द्यायची याची मानकं आयोगाने ठरवून दिलीत, ती पाळली नाहीत तर ग्राहकाला भरपाई मागता येते. आधी कंपनीकडे तक्रार, मग ग्राहक तक्रार निवारण मंच, त्यावर विद्युत लोकपाल. वकील लागत नाही, आपलं म्हणणं आपल्यालाच मांडता येतं. तक्रार क्रमांक मात्र जपून ठेवा, तोंडी तक्रारीला पुढे काही अर्थ राहत नाही. आमच्या केसमध्ये भरपाई मागण्याचा प्रश्नच नव्हता, दोष आमच्या डक्टमध्ये होता.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनने डक्ट उघडला तर जॉइंट काळा कोळसा झालेला, टेपसकट वितळलेला. आता आमच्या मजल्यावर तिघांना तीन स्वतंत्र न्यूट्रल आहेत, आणि प्रत्येकाच्या बोर्डात व्होल्टेज जास्त-कमी झालं की लाइन तोडणारा प्रोटेक्टर बसवलाय. काकूंकडचा खर्च आम्ही दोन घरांनी वाटून घेतला. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावर मात्र अजून तोच एक न्यूट्रल आहे, रविवारच्या मीटिंगला तो विषय घेतलाय आणि तो जळका जॉइंट मी पिशवीत घालून घेऊन जाणार आहे.