उबुंटूला फोनचा टेकू: यूएसबी टेदरिंग

विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) दोन्ही बसवलेल्या ड्युअल-बूट लॅपटॉपवर विंडोजमध्ये वाय-फाय चालतं आणि उबुंटूत वाय-फाय कार्डच दिसत नाही? वाय-फायचा डोंगल घेण्याआधी अँड्रॉइड फोनचं यूएसबी टेदरिंग, म्हणजे केबलने फोनचं इंटरनेट लॅपटॉपला देण्याची सोय, वापरा. त्याचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) उबुंटूच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, असतो. फोन घरच्या वाय-फायवर असेल तर बहुतेक फोनांत मोबाइल डेटाही खर्च होत नाही. केबल मात्र डेटाची हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलने टेदरिंगचा पर्याय धूसरच राहतो.

इंटरनेट मिळालं, की कार्ड ब्रॉडकॉम कंपनीचं असल्यास उबुंटूच्या ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’मधून त्याचा ड्रायव्हर घ्या. खरी गोम सिक्युअर बूटची, म्हणजे सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरू होताना अडवणाऱ्या सुरक्षेची. बसवताना पासवर्ड ठरवायचा, रीस्टार्टनंतरच्या निळ्या पडद्यावर ‘एनरोल मोक’ (ड्रायव्हरच्या सहीची किल्ली मान्य करण्याचा पर्याय) निवडून तोच टाकायचा. घाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबलंत, तर ड्रायव्हर बसूनही वाय-फाय बंदच. विंडोजचं फास्ट स्टार्टअपही (विंडोज पूर्ण बंद न करता पुढच्या वेळी लवकर सुरू करणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर काही कार्डं लिनक्समध्ये जागीच होत नाहीत.

फुकटात याहून सोपी सोय नाही.