एलएचडीच्या बकेट पिनला बुश कोणता टाकायचा, स्टीलचा की ब्राँझचा?

एलएचडी नाहीतर एसडीएल, म्हणजे खाणीत खाली बकेटने माल उचलणारे लोडर, यांचे बुश (पिन ज्यात फिरते त्या नळ्या) बदलायला आले की स्टोअरवाला विचारतो, हार्डन्ड स्टीलचे मागवू की ब्राँझचे, आणि बहुतेक जण स्टील लिहून देतात. त्यात चुकीचं काही नाही. केस हार्डनिंग केलेला (वरचा थर कडक केलेला) ५८-६० एचआरसी कडकपणाचा बुश रोज ग्रीस मिळालं तर ब्राँझपेक्षा जास्त चालतो, बकेटचे दणकेही चांगले सोसतो, शिवाय स्वस्त पडतो.

पण मी नागपूर जिल्ह्यात कोळशाच्या अंडरग्राउंड खाणीत फिटरचं काम करतो आणि आमचं सगळं अडतं ते जुना बुश काढताना. वर वर्कशॉपमध्ये स्टीलचा बुश अडकला की आतून वेल्डिंगचा एक बीड फिरवायचा, गार होताना बुश आकसतो आणि हलक्या ठोक्याने बाहेर येतो. खाली मिथेनमुळे परवानगीशिवाय ना वेल्डिंग ना गॅस कटिंग. हॅक्सॉ हार्डन्ड स्टीलवरून नुसती घसरते, घण मारावा तर टवका उडून डोळ्यात जायची भीती. मग हायड्रॉलिक पुलर फेसपर्यंत, म्हणजे कोळसा काढतात त्या जागेपर्यंत न्या, चिखलात जॅक टेकवायला जागा करा, आणि एवढं करूनही बुश जाम असला तर अख्खी शिफ्ट जाते, मशीन उभं ते उभंच.

ब्राँझचा बुश असला की हॅक्सॉचं पातं आतून घालायचं, लांबीत एक चीर पाडायची, बाहेरच्या बोअरला (बुश बसतो त्या भोकाला) पातं लागायच्या आत थांबायचं आणि उरलेल्या पातळ पापुद्र्यावर छिन्नी ठेवून ठोके द्यायचे. बुश आत दबतो आणि निघतो. माझ्यासाठी निकाल इथेच लागला.

ग्रीसचंही तसंच आहे. कोळशाच्या गाळाने ग्रीस भरायचा निप्पल चोंदतो, ग्रीस आत जातच नाही, आणि कोरडं पडलं की स्टीलवर स्टील धरतं, पिन खरवडली जाते, मग बुशबरोबर पिनही बदला. ब्राँझ स्वतः झिजतो, पिन बऱ्यापैकी वाचते. नायलॉनचा विचार करत असाल तर आमच्यासारख्या पाण्याच्या फेसवर नको, पाणी पिऊन फुगतो आणि पिन आवळून धरतो.

मशीन ओव्हरहॉलला वर येणारच असेल, किंवा गुमगाव, चिखल्यासारखी मँगनीजची खाण असेल जिथे मिथेनचा तसा प्रश्न नाही, तर स्टील घ्यायला माझी हरकत नाही, कदाचित तेच बरं पडेल. कोळशात मात्र मी तरी ब्राँझच लिहीन. त्यातही ८५-५-५-५ वालं (तांबं ८५, कथील, शिसं, जस्त ५-५ टक्के) गनमेटल बकेटला मऊ पडतं, तोंडाशी पसरतं, म्हणून फॉस्फर ब्राँझ नाहीतर ॲल्युमिनियम ब्राँझ घ्या, पण ॲल्युमिनियमवाल्याला पिन नीट हार्ड केलेलीच हवी. आणि दाबून बसवल्यावर बुशचा आतला बोअर थोडा आवळतो, तेवढं लेथवाल्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर खाली बोअर मोठा करायला रीमर मारत बसावं लागतं.