बॉबिन भरायचं छोटं यंत्र : पाच महिने वापरल्यावर

परवा ऐन हंगामात ते बंद पडलं, म्हणून आज लिहायला बसले. आमच्या सोलापुरात जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरते, त्या दिवसांत ऑनलाइन मागवलं होतं, ६५० रुपयांना. घरी शाळेच्या गणवेशांचं शिलाईकाम करते. मे-जूनमध्ये मान वर करायला फुरसत नसते. माझं मशीन मोटरचं. शिवताना बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, संपली की सुईतला दोरा काढा, बॉबिन भरा, परत ओवा, आणि हे दिवसातून पंधरा-वीसदा. ते वाचावं एवढीच अपेक्षा होती.

पहिला आठवडा मी खूश होते. चहा उकळेपर्यंत पांढऱ्या सहा, खाकी चार बॉबिन डब्यात तयार! मग कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे झुबके यायला लागले. सुई बदलली, तेल घातलं, तरी तेच. 'पैसे पाण्यात' असं बहिणीला सांगूनही टाकलं.

सासूबाईंनी पूर्व भागात चादरीच्या मागांसाठी कितीतरी वर्षं कांड्या भरल्यात. कांडी म्हणजे आडव्या सुताची रीळ, ती मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसते. त्यांनी बॉबिन अंगठ्याने दाबली. "अगं, ही मऊ पडलीय की. अशी कांडी धोट्यात घातली असती तर सूत घसरून कापडात फास पडले असते. ताण कुठंय हिला?"

ताण होता, मीच दोरा त्यातून घेत नव्हते. यंत्राच्या कडेला स्प्रिंगवर दोन बारीक चकत्या आहेत. दोरा त्यांच्या मधून, पार आतपर्यंत ओढून घ्यायचा. मी नुसताच वरून नेत होते. आता बॉबिन टणक भरते, नखाने दाबली तरी दबत नाही, आणि झुबके बंद झाले. त्या दोन चकत्यांवरच सगळं आहे. घ्यायच्या आधी त्या आहेत का, स्प्रिंग दाबते का, एवढं तरी पाहाच.

पॉलिस्टर दोऱ्याचं मात्र वेगळं. नव्या सेलवर यंत्र सुसाट पळतं, दोरा ताणून भरला जातो आणि शिवल्यावर आखडतो. शर्टाच्या बटणपट्टीला चुण्या पडल्या, उसवून परत शिवावी लागली. म्हणून त्यासाठी मी रिमोटमधले अर्धे वापरलेले सेल घालते. वेग कमी होतो, चुण्या पडत नाहीत, सेलचा खर्चही वाचतो.

आता बिघाडाचं. मोटरचा आवाज येत होता, पण बॉबिन बसते ती दांडी फिरत नव्हती. विक्रेत्याला फोन केला तर मुदत संपली, नवीनच घ्या म्हणाला. फार राग आला. मागचं झाकण उघडलं तर दांडी फिरवणारं आतलं छोटं रबर झिजून सैल झालं होतं. नवी पेठेत शिलाई मशीनच्या सुट्या भागांच्या दुकानात तसंच रबर दहा रुपयांना मिळालं. दहा रुपयांच्या रबरासाठी हा माणूस मला ६५० रुपये पुन्हा घालायला सांगत होता!

पायाचं काळं मशीन असेल तर घेऊ नका. त्याला चाकाजवळच बॉबिन भरायची सोय असते, चाकाचा स्क्रू सैल केला की सुई थांबते, वरचा दोराही काढावा लागत नाही. मोटरचं मशीन आणि दिवसभर रंग बदलायचं काम असेल तर जरूर घ्या. फक्त घेताना आपली बॉबिन दांडीवर बसवून बघा. आमच्या जुन्या मशीनची या दांडीवर बसत नाही.