खोली ऐकू येते: शेलॅक, सिंडी ली आणि एम्दू मोक्तार

२०२४ पासून आलेल्या स्वतंत्र रॉकमधले तीन अल्बम इथे घेतले आहेत. तिसऱ्याची २०२५ मध्ये आलेली जुळी आवृत्ती धरली तर साडेतीन. शिकागोचं एक त्रिकूट, कॅनडातली एक जवळजवळ एकहाती कामगिरी आणि नायजरचा तुआरेग (सहारातल्या एका जमातीचा) गिटारवादक; जातकुळी पूर्ण वेगळी. पण रेकॉर्डिंग कुठे झालं, किती दिवसांत झालं आणि ते लोकांपर्यंत कसं पोचवलं, हे तिन्हींत गाण्याइतकंच ऐकू येतं. त्यामुळे चाल आणि शब्दांच्या बरोबरीने खोली, माइक आणि फाइल यांच्याबद्दलही लिहायला लागतंय.

शेलॅकचा ‘टू ऑल ट्रेन्स’ १७ मे २०२४ रोजी टच अँड गो या शिकागोच्या लेबलवर आला. त्याच्या दहाच दिवस आधी, ७ मे रोजी, बँडचा गिटारवादक-गायक स्टीव्ह अल्बिनी हृदयविकाराच्या झटक्याने गेला. वय ६१. त्यामुळे बहुतेक परीक्षणं श्रद्धांजलीच्या सुरात लिहिली गेली. ते स्वाभाविक होतं, पण त्यात अल्बमवर थोडा अन्यायच झाला. ही निरोपाची रेकॉर्ड म्हणून केलेली नाही. २०१७ चा नोव्हेंबर, २०१९ चा ऑक्टोबर, २०२१ चा सप्टेंबर आणि २०२२ चा मार्च अशा चार लांब वीकेंडना, तिघांना वेळ मिळाला तेव्हा, अल्बिनीच्याच इलेक्ट्रिकल ऑडिओ स्टुडिओत ती झाली. दहा गाणी, २८ मिनिटं. आधीच्या ‘ड्यूड इन्क्रेडिबल’नंतर दहा वर्षांनी. प्रसिद्धीसाठी आधी एकही गाणं सोडलं नव्हतं. ही बँडची जुनीच खोड.

पहिल्या गाण्यातच, ‘डब्ल्यूएसओडी’मध्ये, काय ऐकायचं ते कळतं. गिटार, बास, ड्रम आणि बाकी काही नाही. सोलो नाही, की कोरसमध्ये अचानक वाढणारे गिटारचे थर नाहीत. अल्बिनी अ‍ॅल्युमिनियमच्या नेकची ट्रॅव्हिस बीन गिटार वाजवायचा, पट्टा खांद्याऐवजी कमरेला बांधून, आणि पिकही धातूची. लाकडी नेक तारेची थोडी ऊर्जा गिळतो, अ‍ॅल्युमिनियमचा फारच कमी. म्हणून नोट उशिरापर्यंत टिकते आणि तिची सुरुवात पत्रा कापल्यासारखी धारदार होते. हा आवाज आवडायलाच हवा असं नाही. पण त्याची सगळी मजा उंच स्वरांच्या पट्ट्यात असल्यामुळे खालची पूर्ण जागा बॉब वेस्टनच्या बासला मोकळी मिळते. ‘गर्ल फ्रॉम आउटसाइड’मध्ये गाणं चालवतो तो बासच, गिटार मधूनमधून येऊन ओरखडा काढून जाते.

सगळ्यात जास्त शिकण्यासारखे आहेत ते टॉड ट्रेनरचे ड्रम. अल्बिनीची सवय जगजाहीर होती: प्रत्येक ड्रमजवळचे माइक वेगळे, आणि खोलीत लांब, बऱ्याचदा जमिनीलगत ठेवलेले माइक वेगळे. या लांबच्या माइकचा आवाज १० ते २० मिलिसेकंद मागे सरकवायचा. एका मिलिसेकंदात आवाज साधारण ३४ सेंटीमीटर जातो. म्हणजे १५ मिलिसेकंद मागे सरकवलं की माइक पाच मीटर आणखी दूर नेल्यासारखं होतं. जवळचा ठोका कोरडा आणि नेमका राहतो, खोलीचा प्रतिसाद सुटा होऊन मागून येतो. यात कृत्रिम रिव्हर्बची, म्हणजे घुमाऱ्याची, गरज पडत नाही. ‘डेज आर डॉग्ज’ हेडफोनवर ऐका आणि स्नेअरवर, म्हणजे खणखणीत वाजणाऱ्या लहान ड्रमवर, लक्ष ठेवा: ठोका, बारीकशी फट, मग खोली.

आपल्याकडचे घरगुती स्टुडिओवाले हा प्रयोग करतात आणि तो हमखास फसतो. कारण सॉफ्टवेअरमध्ये नाही, भिंतीवर आहे. बहुतेक जॅमरूमना दीड-दोन इंचांचा फोम किंवा जाड गालिचा चिकटवलेला असतो. तो वरच्या पट्ट्यातला आवाज शोषतो आणि खालचा तसाच सोडतो. लांबच्या माइकमध्ये मग उरते नुसती किकची, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमची, गुरगुर. ती कितीही मागे सरकवा, खोली मोठी वाटत नाही. इलेक्ट्रिकल ऑडिओच्या भिंती मातीच्या विटांच्या आहेत. जड, आणि पृष्ठभाग ओबडधोबड, त्यामुळे आवाज परततो खरा, पण विखरून. हे शक्य नसेल तर ड्रम फोमच्या खोलीतून बाहेर काढून जिन्याजवळच्या मोकळ्या पॅसेजमध्ये मांडणं हा स्वस्त उपाय आहे. शेजाऱ्यांची परवानगी घेऊन, अर्थात.

अल्बममध्ये कच्चे दुवे आहेत. गाण्याचा गळा मिक्समध्ये इतका खाली ठेवलाय की शब्द हाती असल्याशिवाय अर्धे विनोद निसटतात. ‘हाउ आय रोट हाउ आय रोट इलॅस्टिक मॅन’ हा द फॉल या इंग्लिश बँडच्या १९८० च्या गाण्याला मारलेला डोळा आहे. मूळ गाणं माहीत नसेल तर हाती फारसं लागत नाही. ‘स्कॅबी द रॅट’चंही तसंच: अमेरिकेतल्या कामगार संघटना आंदोलनात मालकाच्या दारासमोर हवा भरलेला भलामोठा उंदीर उभा करतात, त्याचं हे नाव. शिकागोत जन्मलेली ही प्रथा ठाऊक असली की गाणं भन्नाट, नसली तर दोन मिनिटांचा गोंगाट. ‘वेन्सडे’ मात्र कुठल्याही टिपेशिवाय काळजाला भिडतं. संथ, निर्दय, आणि कुठेही मोठं न होता वाढणारं. शेवटच्या ‘आय डोन्ट फिअर हेल’चे शब्द अल्बिनीच्या मृत्यूमुळे आता भविष्यवाणीसारखे वाटतात. प्रत्यक्षात ती त्याची नेहमीची तिरकस थट्टा आहे, आणि तशीच ऐकली तर ते गाणं जास्त चांगलं आहे.

शक्य असेल तर हा विनाइलवर घ्या, आणि त्यात स्मरणरंजनाचा काही संबंध नाही. २८ मिनिटं दोन बाजूंना वाटली की प्रत्येक बाजूला सरासरी १४ मिनिटं येतात. बारा इंची, ३३ आरपीएमच्या तबकडीवर एका बाजूला वीस-बावीस मिनिटांपर्यंत आरामात बसतात. त्याहून कमी असली की खाचा रुंद आणि खोल कापता येतात, बास दाबावा लागत नाही, आणि केंद्राजवळच्या आतल्या खाचांत आवाज फाटतो तो त्रासही कमी होतो. स्ट्रीमिंगवर ऐकणार असाल तर एक सेटिंग तपासा. स्पॉटिफाय सगळी गाणी एकाच पातळीला आणतं; ती नेहमीची पातळी उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आहे. ‘लाउड’ निवडलं की ती उणे ११ होते आणि मध्ये लिमिटर, म्हणजे उंच ठोके दाबणारी यंत्रणा, येतो. शेलॅकची सगळी गंमत शांतता आणि ठोका यांच्यातल्या अंतरात असताना हा लिमिटर नेमकं तेच अंतर खातो. ‘नॉर्मल’वर ठेवा, नाहीतर ते समतोलन सरळ बंद करा आणि आवाजाची कळ हाताने फिरवा.

सिंडी लीचा ‘डायमंड ज्युबिली’ याच्या अगदी विरुद्ध टोकाला आहे. इथे खोली नाहीच. आहे तो खोलीचा भास. सिंडी ली म्हणजे पॅट्रिक फ्लेगल, कॅल्गरीच्या ‘विमेन’ या २०१० मध्ये फुटलेल्या बँडमधून आलेले. बत्तीस गाणी, दोन तासांच्या वर. २९ मार्च २०२४ रोजी हा अल्बम कसा आला हेच आधी गाजलं: यूट्यूबवर दोन तासांचा एकच सलग व्हिडिओ, आणि जिओसिटीज या जुन्या वेबपान-सेवेच्या जमान्यातल्या वाटाव्यात अशा वेबपानावर डब्ल्यूएव्ही, म्हणजे न दाबलेल्या, फाइली. सुचवलेली किंमत ३० कॅनेडियन डॉलर, म्हणजे तेव्हाचे साधारण १,८०० रुपये. स्पॉटिफाय नाही, जाहिरात नाही. पिचफोर्क या संगीत-परीक्षणांच्या संकेतस्थळाने त्याला दहापैकी ९.१ गुण दिले आणि मग सगळेच धावले.

गुण जरा सढळ हाताने पडलेत, पण अल्बम मोठा आहे यात वाद नाही. साठच्या दशकातल्या अमेरिकी मुलींच्या गायनचमूंची हळवी चाल, तिला लांबच्या रेडिओ स्टेशनवरून आल्यासारखा पातळ पोत, आणि वर अतिशय नेमकी, मोजून वाजवलेली गिटार. ‘ग्लिट्झ’, ‘बेबी ब्लू’, ‘ऑल आय वॉन्ट इज यू’, ‘इफ यू हिअर मी क्राइंग’: एवढी चार आधी ऐका. ‘बेबी ब्लू’मध्ये रिव्हर्बने माखलेला गळा मागे राहतो आणि गिटार कोरडी ठेवून पुढे आणली जाते. सहसा उलट करतात. त्यामुळे गाणारी व्यक्ती दुसऱ्या खोलीत आणि गिटार आपल्या मांडीवर, असा विचित्र परिणाम साधतो. हेतुपुरस्सर केलेलं आहे हे. वाईट उपकरणांमुळे झालेलं नाही.

अडचण लांबीची. पहिल्या भागातली सोळा गाणी जवळजवळ निर्दोष आहेत. दुसऱ्या भागात ‘ड्रॅक्युला’च्या आसपास संथ, धुसर तुकडे एकामागून एक येतात आणि कोणतं कुठे संपलं ते कळेनासं होतं. चार-पाच गाणी गाळली असती तर अल्बम अधिक धारदार झाला असता. चाहते म्हणतात ती भरकट हाच मुद्दा आहे. असेल, पण सलग ऐकताना दीड तासानंतर कान थकतात हेही तितकंच खरं. एका बैठकीत एक भाग, हे प्रमाण बरं.

यूट्यूबवर ऐकून मत बनवू नका. या अल्बमभर टेपसारखी सळसळ आहे. फाइल लहान करणाऱ्या पद्धती आवाजातली पुनरावृत्ती शोधून जागा वाचवतात. सळसळीत पुनरावृत्ती नसतेच. मग बिट कमी पडतात आणि तिथे पाण्याखालून आल्यासारखी गुळगुळ ऐकू येते, विशेषतः झांजांवर आणि शब्दांतल्या ‘स’वर. ब्लूटूथ हेडफोन त्यावर आणखी एक दाब देतात. छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर तर डावी-उजवी बाजू एकत्र होते आणि दोन बाजूंना मांडलेल्या गिटारांचा खेळच संपतो. अल्बम २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये बँडकँप या संगीतविक्रीच्या संकेतस्थळावर आला. तिथून फ्लॅक (दर्जा न घटवता लहान केलेली फाइल) घ्या. मूळ डब्ल्यूएव्ही हव्या असतील तर सीडीच्या दर्जाला, १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झला, दोन तासांचे १.३ जीबीच्या आसपास होतात. मोबाइल डेटावर नको. विनाइल तीन तबकड्यांचं, म्हणजे प्रत्येक बाजूला वीसेक मिनिटं. ठीक, पण शेलॅकसारखी चैन नाही, आणि या पोताला विनाइलने फारसं काही मिळतही नाही. पैसे डाउनलोडवर खर्च करा.

पैसे भरताना भारतातून एकच नेहमीची अडचण येते: कार्डवर आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार बंद असतात. बँकेच्या अ‍ॅपमधून ते आधी चालू करावे लागतात. नाहीतर व्यवहार फसतो आणि कारण काही सांगितलं जात नाही. परकीय चलनाचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी वेगळा. बँडकँप डिजिटल विक्रीतले १० ते १५ टक्के स्वतःकडे ठेवतं, बाकीचे व्यवहारखर्च वजा जाऊन कलाकाराकडे किंवा लेबलकडे जातात.

एम्दू मोक्तारचा ‘फ्युनरल फॉर जस्टिस’ ३ मे २०२४ चा, मॅटाडोर या लेबलवरचा. दोन वर्षांच्या दौऱ्यांच्या शेवटी, न्यूयॉर्क राज्याच्या ग्रामीण भागातल्या, फर्निचर जवळजवळ नसलेल्या घरात पाच दिवसांत झालेला. ते रिकामं घर ऐकू येतं. शीर्षकगीताच्या पहिल्या सेकंदापासून सुलेमान इब्राहिमचे ड्रम उघड्या भिंतींवर आदळतात आणि मोक्तारची डावखुरी स्ट्रॅटोकास्टर गिटार त्यांच्या डोक्यावरून धावते. तो पिक वापरत नाही. बोटांनी वाजवल्यामुळे एवढ्या वेगातही स्वर एकमेकांत वितळतात, आणि ड्रमच्या तुकड्यांवर ती ओढ सुंदर दिसते. दौरा करून आलेल्या बँडची एकजीवता हे या अल्बमचं खरं भांडवल. अहमदू मादसानची साथीची गिटार क्षणभरही ढळत नाही.

बाजू एकच लंगडी. झांजा आणि गिटार दोन्ही दोन ते पाच किलोहर्ट्झच्या पट्ट्यात गर्दी करतात. कान याच पट्ट्याला सर्वांत संवेदनशील, म्हणून मोठ्या आवाजात ‘ताकोबा’पर्यंत येईतो थकवा येतो. इक्वलायझरवर तीन किलोहर्ट्झच्या आसपास दोन डेसिबल कमी केले की अल्बम नऊही गाणी सुखाने ऐकवतो.

गाणी तुआरेगांच्या तमाशेक भाषेत आहेत. ‘ओ फ्रान्स’ वसाहतवादाचा हिशेब मागतं, ‘इमूहार’ भाषा जपण्याची हाक देतं. पण विजेच्या आवृत्तीत हे सगळं गिटारच्या मागे दडतं. जुलै २०२३ मध्ये नायजरमध्ये लष्करी उठाव झाला तेव्हा बँड अमेरिकेत अडकला होता. पुढे हीच गाणी ब्रुकलिनच्या बंकर स्टुडिओत दोन दिवसांत, वीज न लावता, पुन्हा वाजवली गेली. ती ‘टिअर्स ऑफ इनजस्टिस’ या नावाने २८ फेब्रुवारी २०२५ ला आली. सेथ मँचेस्टर दोन्ही वेळेचा ध्वनिमुद्रक, त्यामुळे तुलना सरळ होते. ‘इमूहार’चीच करा: आधीच्यात ती आरोळी आहे, इथे शोक. चाल तीच, वेग उतरलेला, आणि सामुदायिक स्वरांना जागा मिळालेली. ‘ओ फ्रान्स’ मात्र वीज काढून घेतल्यावर फिकं पडतं. त्या रागाला अँप्लिफायर हवाच.

दोन्ही घेणं जमत नसेल तर गिटार शिकणाऱ्यांनी पहिला घ्यावा आणि मधल्या सोलोंचे तुकडे निम्म्या वेगाने ऐकावेत. हॅमर-ऑन (तार न छेडता तिच्यावर बोट आपटून काढलेला स्वर) कुठे आणि उजव्या-डाव्या हाताची अदलाबदल कुठे, ते तिथे स्पष्ट होतं. बाकीच्यांनी आधी दुसरा.