म्युनिकचा हिवाळा: जिम की घरचे सूर्यनमस्कार?

डिसेंबरात इथे सूर्य आठला उगवतो आणि साडेचारच्या आत मावळतो. अशा अंधारात व्यायाम टिकवायला मी दोन्ही करून पाहिलं.

जिमचा फायदा एकच, पण मोठा: उजेड आणि माणसं. पैसे भरलेत म्हटल्यावर पायही निमूट तिकडे वळतात. फक्त करार नीट वाचा. पहिली मुदत २ वर्षांपर्यंतची असू शकते. मार्च २०२२ पासूनच्या करारांत ती संपल्यावर महिन्याच्या नोटिशीवर सुटता येतं, एरवी तिच्याआधी सहसा नाही. मी वाचला नव्हता! शिवाय टॉवेल आपलाच न्यायचा. बाकावर तो न टाकता बसलात तर नजरा बोलतात.

सूर्यनमस्काराला चटईभर जागा पुरते. १२ नमस्कारांत अंग गरम होतं, खर्च शून्य, आणि सुट्टीत पुण्याला गेलं तरी खंड नाही. अडचण लाकडी जमिनीची. रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळायची, आणि मी पहाटे पाय धाडकन मागे टाकला की खालच्या आजी झाडूचा दांडा छताला ठोकतात.

माझा कौल घरालाच. पण एकटे राहत असाल, तर पहिला हिवाळा जिमच घ्या. निदान दिवसातून एकदा कुणीतरी ‘हॅलो’ म्हणतं.